पंधराव्या श्लोकाचा पहिला चरण



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५.

परवा आणि काल आपण १३ आणि १४ वा श्लोक घेतला. तिथून भगवंत 'माझा आवडता भक्त कसा असतो' ते सांगायला लागलेत. आजच्या श्लोकाच्या पहिल्या ओळीत दोन गोष्टी आहेत. पहिल्या चरणात असं, की या माणसामुळे लोकांना उद्वेग होत नाही. दुसऱ्या चरणात असं, की लोकांमुळे या माणसाला उद्वेग होत नाही. पुढच्या ओळीत चार शब्द येतात, हर्ष, अमर्ष, भय, उद्वेग. या चारांतून जो सुटला, तो मला प्रिय, असं भगवंत म्हणतात.

हा श्लोक मला कॉलेजपासून पाठ आहे. पण खरं सांगते, इतकी वर्षं मी त्यातला दुसराच चरण वाचत होते. लोकांचा मला त्रास होऊ नये, बस. ऑफिसमध्ये मॅनेजर ओरडला तरी आत शांत, लोकलमध्ये धक्काबुक्की झाली तरी आत शांत. माझी सगळी साधना त्या एका दिशेनं चालली होती. पहिला चरण आधी येतो, हे माझ्या लक्षात आलं ते गेल्या जानेवारीत, काशीहून अयोध्येला जाताना, एका बसमध्ये. आजचं चिंतन त्या दिवसावरच आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आई आणि मी पुण्याहून एका ग्रुप टूरबरोबर गेलो होतो. काशी, प्रयागराज, अयोध्या. चौतीस माणसं. ज्यांनी अशी टूर केलीय त्यांना माहीत आहे, की दुसऱ्या दिवसापासून सगळे एकमेकांचे काका, काकू, मावशी होतात, आणि तिसऱ्या दिवसापासून खिडकीच्या सीटवरून भांडतात. आमचा टूर मॅनेजर पंचविशीचा असेल. सगळे त्याला 'दादा' म्हणायचे, सत्तर वर्षांचे काकासुद्धा. रोज रात्री जेवताना तो दुसऱ्या दिवसाचं गणित सांगायचा. त्या रात्री म्हणाला, "उद्या पाच-सहा-सात." म्हणजे पाचला उठायचं, सहाला नाश्ता, सातला बस. बनारसमध्ये मोठ्या गाड्यांना आत फार वेळ उभं राहू देत नाहीत, म्हणून सात म्हणजे सातच, हेही त्यानं दोनदा सांगितलं. अयोध्येच्या दर्शनाचे पास काढलेले होते आणि पासवर वेळ छापलेली होती. दुपारी तीन ते पाच.

मी पहाटे पाचलाच हॉटेलमधून निघाले. आईला म्हटलं, "घाटावर जाऊन येते, साडेसहापर्यंत." अस्सी घाट हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर. तिथे रोज पहाटे 'सुबह-ए-बनारस' असतं. गंगेची आरती होते, मग कोणीतरी गायला बसतं. धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ सोडा, पायऱ्यांना बांधलेल्या नावाही पुसटच दिसत होत्या. मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, एका पायरीवर बसले आणि जप सुरू केला.

मंडळी, ती पहाट खोटी नव्हती. आरतीच्या वेळी अंगावर काटा आला. डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं. मनात आलं, सूर्य उगवताना पाहूनच उठू. जानेवारीत तिकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पण धुक्यात तो दिसणार कधी? सातला नाही दिसला. सव्वासातलाही नाही. घड्याळाकडे एकदा बघितलं होतं, हे कबूल करते. वाटलं, चौतीस माणसांची तयारी कधी वेळेवर होते का, कोणीतरी उशीर करणारच. साडेसातनंतर केव्हातरी पांढरट, चंद्रासारखा गोळा दिसला. मी नमस्कार केला आणि तरंगतच हॉटेलवर आले. सात पन्नास.

लॉबीत सगळे बॅगांवर बसलेले. आई दाराशी उभी होती. मला बघून तिनं काही म्हटलं नाही, फक्त माझी बॅग पुढे केली. फोन चालू केला तर दादाचे अकरा मिस्ड कॉल.

बस मोठ्या रस्त्यावर साडेसातपर्यंत थांबली होती. मग पोलिसांनी ती हलवायला लावली आणि ती बरीच लांब जाऊन उभी राहिली. आता चौतीस माणसं आणि त्यांचं सामान तिथवर न्यायचं म्हणजे ई-रिक्षा, तिकडे टोटो म्हणतात. एकेका टोटोत चार जण. दहा-बारा टोटो गोळा करायलाच अर्धा तास गेला. त्यात सामानाचा एक टोटो बसकडे न जाता थेट रेल्वे स्टेशनवर गेला. बिचाऱ्याला वाटलं, इतक्या बॅगा म्हणजे स्टेशनच! तो परत येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेला उभे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. बस निघाली तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

आणि मी कशी होते? शांत. अगदी शांत. कानात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, त्यात नामजप. बाहेर काकू भडकलेल्या, काका ड्रायव्हरला काहीतरी सुनावतायत, आणि माझ्या मनात आजच्या श्लोकाचा दुसरा चरण. बघा, लोकांमुळे मला उद्वेग होत नाहीये. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटत होतं. हे लिहिताना कान गरम होतायत, पण वाटत होतं.

धुक्यामुळे जौनपूरपर्यंत बस रांगतच गेली. जौनपूरला ट्रॅफिकमध्ये एक तास. तिथली इमरती प्रसिद्ध आहे, तर पाच-सहा जणांनी धरलं की थांबलाच आहात तर उतरून घेऊ द्या. दादा म्हणाला, "नाही, आज नाही." त्यावरून वेगळी नाराजी. पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे बस अडकली. त्या ट्रॉल्या आपल्याकडच्यासारख्याच, रस्त्यापेक्षा रुंद भरलेल्या. जेवण अयोध्येत एक वाजता ठरलं होतं. अडीच वाजले तेव्हा आम्ही सुलतानपूरही गाठलं नव्हतं. मधुमेह असलेल्या एका काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आईनं पर्समधून संक्रांतीची तिळाची वडी काढून त्यांना भरवली, वर पाणी दिलं. दहा मिनिटांनी ते सावरले. त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा मी हेडफोन काढले.

तीनच्या सुमारास एका ढाब्यावर बस थांबली आणि तिथे स्फोट झाला. एक काका दादावर तुटून पडले. तुमचं नियोजनच नाही, पैसे घेता कशाचे, आता पास फुकट गेले, पुण्याला गेल्यावर बघतोच, एक स्टार देणार. बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं. दादा हात मागे बांधून उभा. "सॉरी काका. माझी चूक झाली काका." एवढंच.

त्याला माहीत होतं उशीर कोणामुळे झाला. अकरा फोन त्यानंच केले होते. मी त्याच्यापासून पाच फुटांवर चहाचा कप धरून उभी होते. तो माझ्याकडे बघायचं मुद्दाम टाळत होता, म्हणजे त्याच्या नजरेवरून कोणाला कळू नये. आणि मी काही बोलले नाही.

आता हिशेब बघा. धुकं पडणारच होतं, जौनपूरचा तास जाणारच होता. पण त्यातून सकाळचे सव्वादोन तास वजा केले असते, तर आम्ही तीन-सव्वातीनला अयोध्येत असतो. पास चालला असता. हिशेब इतका सोपा होता की दुसरी-तिसरीतल्या मुलानंही केला असता. म्हणूनच मी तो दिवसभर केला नाही. जपाच्या आड लपले.

इथे श्लोकाकडे परत येऊ, कारण त्या चार शब्दांतला पहिला शब्द मला नेहमी कोड्यात टाकायचा. अमर्ष, भय, उद्वेग यांतून सुटायचं हे ठीक. पण हर्ष? आनंदातून का सुटायचं? शंकराचार्यांचं भाष्य घरी आल्यावर पुन्हा उघडलं. ते म्हणतात, आवडीची गोष्ट मिळाल्यावर मन उचंबळून येतं तो हर्ष, आणि त्याच्या खुणा काय, तर अंगावर रोमांच येणं, डोळ्यांतून पाणी येणं. वाचून मी पुस्तक मिटलं. अस्सी घाटावर मला जे जे झालं, ज्याला मी भक्तीचं शिखर समजत होते, तीच यादी तिथे हर्षाची खूण म्हणून लिहिलेली.

याचा अर्थ घाटावर रडू येणं वाईट असा नाही. देवापुढे डोळे भरून येणं ही कृपाच आहे. पण त्या उचंबळण्याची चव लागली आणि ती अजून थोडी, अजून थोडी हवी म्हणून लॉबीतली तेहतीस माणसं माझ्या मनातून पुसली गेली, तिथे ते देवाचं न राहता माझं झालं. मिसळ आवडली म्हणून अजून एक पाव मागवणं आणि हे, यात तेव्हा फार फरक नव्हता. देवाचं नाव असल्यामुळे मला ते ओळखू आलं नाही, इतकंच.

ज्ञानेश्वर माउलींनी याच श्लोकावर समुद्राचा दृष्टांत दिलाय. भरतीला समुद्र कितीही उसळू दे, आतल्या जीवांना त्याची धास्ती नसते. आणि ते जीव दिवसरात्र त्याच्या पोटात काहीही करू देत, समुद्र त्यांना विटत नाही. मला यात आवडतं ते हे, की समुद्र कुठे लांब जाऊन शांत बसलेला नाही. सगळे त्याच्या आतच आहेत. मी मात्र हेडफोन लावून बसमधल्या बसमध्ये स्वतःची छोटीशी विहीर खणली होती आणि तिलाच समुद्र समजत होते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच होतं, असं मला वाटतं. डीएममध्ये तुम्ही जे लिहिता त्यावरून सांगते. पहाटे पाचला स्पीकरवर काकडा लावतो, आणि नाइट शिफ्ट करून आलेला रूममेट उशीत डोकं खुपसून पडलेला असतो. एकादशीला आपण फराळ करतो, आणि त्यासाठीची वेगळी भांडी घासते आई. "मी सध्या डिटॅच व्हायला शिकतोय" म्हणून घरच्यांच्या मेसेजना दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. आपल्याला उद्वेग नाही. खरंच नाही. तो आपण वाटून टाकलेला असतो.

कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांना खूश ठेवत बसायचं? तर नाही. दादानं इमरतीला नकार दिला तेव्हा लोक चिडलेच की. पण ती चिडचिड त्यांच्या जिभेतून आली होती, त्याच्या वागण्यातून नाही. सगळ्यांना हो म्हणणारा माणूस बहुतेक वेळा भीतीपोटी हो म्हणतो, आणि भय हा शब्द त्याच ओळीत तिसरा बसलाय. ढाब्यावर मी गप्प राहिले ती शांती नव्हती, भय होतं. त्या दिवशी बसमध्ये या श्लोकाच्या सर्वांत जवळ कोण होतं असं विचाराल, तर हात मागे बांधून 'सॉरी काका' म्हणणारा तो मुलगा. त्यानं गीता वाचलीय की नाही मला माहीत नाही. विचारलंही नाही.

अयोध्येत पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. पास संपलेले. आता साध्या रांगेतून दर्शन, म्हणजे चालणंही जास्त आणि थांबणंही जास्त. आमच्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक मावशी होत्या, नगरच्या, एकट्याच आलेल्या. आठ तास पाय खाली सोडून बसल्यामुळे त्यांचे घोटे सुजून चपलेत मावत नव्हते. दादानं व्हीलचेअरचं विचारलं, पण त्यांना बसवतच नव्हतं, आडवं व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्हाला लखनौच्या विमानतळासाठी निघायचं होतं. म्हणजे मावशींचं रामललाचं दर्शन राहिलं. संपूर्ण टूर त्यांनी त्यासाठी केली होती. काशी त्यांची आधी झालेली होती.

त्या पलंगावर उशीवर पाय ठेवून पडल्या आणि मला म्हणाल्या, "तू जाऊन ये गं. आणि मला सांग कसा दिसतो."

रांगेत दीड-दोन तास गेले. आत फोन नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे फोटो काढून दाखवायचाही प्रश्न नाही. गाभाऱ्यासमोर आले तेव्हा मी जप केला नाही, डोळेही मिटले नाहीत. नुसती बघत राहिले, पाठ करतात तसं. जेवढे सेकंद मिळाले तेवढे.

परत येऊन मावशींच्या पायथ्याशी बसले. सांगितलं, काळाभोर आहे मावशी, पाच वर्षांचं लेकरू. उभा आहे कमळावर. हातात सोन्याचं धनुष्य, बाण. भोवती दगडातच दहा अवतार कोरलेत, पण तिकडे लक्ष जात नाही. डोळे असे आहेत की वाटतं आत्ता काहीतरी विचारेल. आणि किंचित हसतो. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मधेच म्हणाल्या, "कपाळाला काय लावलंय?" म्हटलं, गंध. "आणि फुलं?" फुलंही सांगितली. मग मी म्हणाले, "मावशी, सकाळचा उशीर माझ्यामुळे झाला. मी घाटावर होते."

"माहितीय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तुझी आई सांगत होती बाथरूममध्ये आहेस म्हणून. पन्नास मिनिटं! त्या माउलीला खोटं बोलता येत नाही."

आईनं माझ्यासाठी काशीत उभं राहून खोटं बोललेलं मला तोवर माहीतच नव्हतं. माझ्या जपाचं बिल असं कुठे कुठे फाटलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" मावशी म्हणाल्या, "आला की. जौनपूरपर्यंत होता. मग पाय दुखायला लागले, राग राहून गेला." आणि त्यांनी मला दिवा मालवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे लखनौच्या रस्त्याला लागल्यावर मी ड्रायव्हरजवळ जाऊन माइक घेतला, अंताक्षरीचा माइक असतो ना, तो. म्हणाले, कालचा उशीर दादामुळे झाला नव्हता, माझ्यामुळे झाला होता, आणि ढाब्यावर मी गप्प बसले. बसमध्ये शांतता. मागून एक काकू म्हणाल्या, "आता सांगून काय उपयोग?" त्यांचं बरोबरच होतं. दादा पुढच्या सीटवरून हळूच म्हणाला, "ताई, कशाला?" त्याला बहुधा ते आवडलं नाही, पुन्हा तोच विषय निघाला म्हणून. एक स्टारवाल्या काकांनी त्याची माफी वगैरे काही मागितली नाही. पण थोड्या वेळानं चिवड्याची पिशवी त्याच्यासमोर धरली आणि तो नको म्हणाला तरी धरूनच ठेवली.

मावशींचा परवा फोन आला होता. पुढच्या माघात पुन्हा जायचं म्हणतायत, या वेळी थेट अयोध्या. "येतेस का माझ्याबरोबर?" असं विचारलं. मी हो म्हटलंय. रजेचा अर्ज टाकलाय, रेल्वेचं रिझर्व्हेशन उघडण्याची तारीख कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवलीय.

उद्या १६ वा श्लोक घेऊ. त्यात 'दक्ष' असा एक शब्द येतो. आईला सांगितलं तर म्हणाली, तो तू दोनदा वाच.

राम कृष्ण हरी.